तेवढ्याच मोठ्या टायपात

मिलिंद,

तुझ्याविषयी आमच्या पेपरात जी बातमी आली ती चुकीची आहे. तुझं नाव बरोबर आहे, हुद्दा बरोबर आहे, फोटोही तुझाच आहे. चूक मथळ्यात आहे. पेपर हिंदी, म्हणून मराठीत सांगते: 'मुरूम अडवेल पाण्यातलं विष, दिवंगत प्राध्यापकाची शेवटची भेट'. शहराच्या पानावर सगळ्यांत वर, तीन कॉलम.

बातमी माझी नव्हती. ज्या वार्ताहराने ती दिली, त्याने तुझ्या विभागातल्या श्रद्धांजली सभेत जे ऐकलं ते शब्दशः लिहिलं. त्याला दोष देता येत नाही. तू दिला असतास. "त्यानं दुसऱ्या कोणाले विचारलं का?" हा तुझा पहिला प्रश्न असता.

तुझ्या जाण्याचा तपशील इथे देत नाही. तो छापून आलेला आहे आणि त्यात चूक नाही.

तुझी खोली विभागाच्या वरच्या मजल्यावर होती. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला ती लॅब वाटलीच नाही. काचेची नळी नाही, बर्नर नाही, कसला वास नाही. एकावर एक रचलेले संगणक, त्यांच्या पंख्यांची घरघर, आणि चार खुर्च्या. "केमिस्ट्री आहे म्हणतोस, तर इथं काही सांडत कसं नाही?" असं मी विचारलं. तू म्हणालास, "सांडते ना. चुका सांडते. दिसत नाहीत इतकंच." तुझे विद्यार्थी हसले. तुम्ही पडद्यावर रेणू बांधायचे, एकाजवळ दुसरा नेऊन ठेवायचा आणि कोण कोणाला किती घट्ट धरतो त्याचा हिसाब लावायचा, एवढं मला कळलं. तेवढं पुरेसं आहे, असं तू सर्टिफिकेट दिलंस.

मुरूम तुझ्या डोक्यात कसा शिरला त्याची मी साक्षीदार आहे. छत्तीसगढ राज्य नवं होतं, नवी राजधानी बांधायला काढली होती, आणि आपल्या तेलीबांध्याच्या रस्त्यावरून मुरूम भरलेले ट्रक दिवसभर तिकडे जात होते. तुझ्या स्कूटरवर मी मागे बसले होते. पुढच्या ट्रकमधून थोडा मुरूम रस्त्यावर सांडला आणि तू गाडी बाजूला घेतलीस. लाल खडे उचलून तळहातावर घेतलेस.

"ताई, हे लाल काहून आहे, सांग."

"माती आहे म्हणून. चाल आता, मले ऑफिस आहे."

"लोखंड आहे म्हणून. अन् लोखंडाले आर्सेनिक चिपकते."

आर्सेनिक तुला टिकेश्वरीने दिलं होतं. टिकेश्वरी साहू, तुझ्या हाताखाली पीएचडी करणारी. तिच्या गावातल्या काही हँडपंपांची तोंडं लाल रंगाने रंगवली आहेत. लाल म्हणजे पिऊ नका. लोक पितात, कारण बिनरंगाचा पंप लांब आहे. तिच्या ददांच्या, म्हणजे वडिलांच्या, तळपायांना चामडी जाड होऊन भेगा पडल्या आहेत. ती तुझ्याकडे आली ती हे घेऊन. तू तिला सांगितलं होतंस की गावासाठी रडायचं असेल तर खाली बागेत जा, इथे रेणू बांध. ती गेली नाही. बांधत राहिली.

आता तुझा नियम. तुझ्या गटाबाहेर तो कोणाला माहीत नाही म्हणून लिहून ठेवते.

तुझ्या खोलीतला कोणताही आकडा एकाच माणसाने काढला म्हणून बाहेर जात नसे. दुसऱ्याने तो पहिल्यापासून, पहिल्याचं काहीही न बघता, पुन्हा काढायचा. याला तुम्ही 'दुसरा हात' म्हणत होता. तू तो माझ्याकडून उचललास हे तू सगळ्यांना सांगायचास. मी डेस्कवर नवी असताना प्रूफं दोघांनी वाचायची पद्धत होती. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवून ऐकायचं. आपलं लिहिलेलं आपण तपासलं की डोळा पाहिजे तेच वाचतो. मी हे घरी कधीतरी बोलले होते. तू शाळेत होतास. एवढं लक्षात ठेवलंस.

नियमाचा दुसरा भाग तुझा स्वतःचा. पहिल्याने आपला आकडा बाहेरच्या, ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाकडे सांगून ठेवायचा, म्हणजे पुढे तो गुपचूप बदलता येणार नाही. तुझ्या आकड्यांसाठी तो माणूस मी.

"मलेच काहून सांगतोस?"

"तुले काहीच समजत नाही म्हणून."

आणि तिसरा भाग. दोन हात जुळले नाहीत तर दोघांनी शेजारी बसून फरक सापडेपर्यंत ओळ न् ओळ वाचायची. ज्याचा चुकला असेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, माझं चुकलं. आकडा मागे घ्यायचा तर ज्याचा त्यानेच. तुला स्वतःला उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. टेबलाला टेकून, कान धरून, "मेरा गलत है, टिकेश्वरी मैडम का सही है." तिने पेन माइकसारखं तुझ्या तोंडापुढे धरून तुझी मुलाखत घेतली होती, "सर, आपको कैसा लग रहा है?"

तुझा शेवटचा फोन दुपारी आला. मी डेस्कवर होते.

"ताई, आकडा आहे. उणे एक्कावन्न."

"उणे म्हणजे कमी ना?"

"उणे जितकं जास्त, तितकी पकड घट्ट. एक्कावन्न म्हणजे सोडतच नाही. साधा मुरूम, ताई! रस्त्यावरचा!"

तुला धाप लागली होती. मी विचारलं, पळून राहिला का? तू म्हणालास, जिना चढून आलो. मग म्हणालास, "अजून दुसरा हात व्हायचा आहे. टिकेश्वरी करून राहिली. तोवर कोणाले सांगू नको." मी उणे एक्कावन्न दोनदा म्हणून दाखवलं आणि तू फोन ठेवलास.

त्याच आठवड्यात तू गेलास.

श्रद्धांजली सभेत विभागप्रमुख बोलायला उभे राहिले. तुझा फोटो, झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. तू जाण्यापूर्वी उत्साहाच्या भरात त्यांना म्हणाला होतास की मुरुमाचं चांगलं दिसतंय. 'चांगलं दिसतंय' याचं सभेत 'सिद्ध झालंय' झालं. हे मुद्दाम झालं असं मी म्हणणार नाही. रडणारा माणूस विशेषणं वाढवतो. आमच्या धंद्यात हे रोज पाहतो. सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "दूसरा हाथ हो गया क्या, सर?" ते हात जोडून म्हणाले, "मैडम, अब उनके ऊपर कौन जाँचेगा?"

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मी ती छापून आल्यावरच पाहिली.

टिकेश्वरी बूढ़ापाऱ्यात माझ्या घरी आली ती त्यानंतर. उन्हातून चालत आली होती. पाणी दिलं ते तिने हातात धरून ठेवलं.

"दीदी, सर ने आपको नंबर बताया था ना?"

"पहले तुम अपना बताओ. नियम है."

"उन्तीस. माइनस उन्तीस."

म्हणजे उणे एकोणतीस. मी तुझे उणे एक्कावन्न सांगितले. तिने ग्लास खाली ठेवला. तिचा चेहरा उजळला, हे मला लिहिलं पाहिजे, कारण मी ते पाहिलं. "मतलब मेरा गलत है," ती म्हणाली. "सर का सही है. अच्छा हुआ, दीदी. मैं अपना मिटा देती हूँ."

तिला चुकायचं होतं, मिलिंद. तू बरोबर असावास म्हणून तिला चुकायचं होतं. त्या क्षणी मलाही तेच पाहिजे होतं. तिने जाऊन आपलं काम पुसावं, तुझा आकडा तुझ्या नावावर राहावा, आणि हे इथेच संपावं. नंतर मला तुझा आवाज आठवला, 'तोवर कोणाले सांगू नको'. मी म्हटलं, चल.

तुझ्या खुर्चीत मी बसले. दुसरं कोणी नव्हतं. तिने तुझी फाइल माझ्यासमोर उघडून दिली, आपली स्वतःसमोर उघडली, आणि मी वाचायला लागले. मला अर्थ कळत नव्हता, पण प्रूफ वाचणाऱ्याला तो कळावा लागत नाही. लोखंड, मग त्याच्या जागेचे तीन आकडे. ऑक्सिजन, तीन आकडे. हायड्रोजन, तीन आकडे. ती बोट फिरवत "हव", म्हणजे हो, म्हणत होती. हव, हव, हव. आमच्या जुन्या डेस्कवर असाच आवाज यायचा. अणू संपले. सगळे जुळले; अणूंच्या जागा दोघांनी एकाच छापील तक्त्यातून घेतल्या होत्या. तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "दीदी, ऊपर वाली लाइन छूट गई. चार्ज वाली."

सगळ्यांत वरची ओळ. एकूण विद्युतभार किती, हे प्रोग्रामला सांगणारी. मी वाचली: "शून्य."

तिने हव म्हटलं नाही.

तिच्यासमोर उणे दोन होतं. तिने मला समजावून सांगितलं. पाण्यातलं आर्सेनिक स्वतःबरोबर दोन जादा इलेक्ट्रॉन घेऊन येतं, म्हणून एकूण उणे दोन लिहावं लागतं. शून्य लिहिलं की ते दोन इलेक्ट्रॉन हिसाबातून गळतात, आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं आर्सेनिक लोखंडाला खोटं खोटं घट्ट धरतं. एकाचा फरक असता तर प्रोग्राम अडून बसला असता. दोनचा असला की तो काही बोलत नाही, मुकाट्याने चालतो. तू एखादी जुनी फाइल उचलली होतीस, अणू नवे भरले होतेस, आणि वरची ओळ जुनी राहिली होती. जुनी फाइल उचलू नका, हे तू दारावर लिहून चिकटवलं आहेस. तुझ्याच अक्षरात. ते अजून तिथेच आहे.

टिकेश्वरी आधी हसली. "सर, आप भी?" असं पडद्याला म्हणाली. मग तोंडावर ओढणी धरून खुर्चीतच वाकली. ओढणी बाजूला करून म्हणाली, "दीदी, रहने दो ना. सर के नाम से छप गया है. अब वो उठ के थोड़े बोलेंगे."

हेच तर. तू उठून बोलायला पाहिजे होतंस. मला आणखी काही नको. परत ये, राहा, असलं मी मागत नाही. टेबलाला टेकून एकदा उभा राहा, कान धर, म्हण माझं चुकलं, आणि जा. एवढं एक वाक्य दुसऱ्या कोणाला म्हणता येत नाही. नियम तू असा करून ठेवला आहेस.

आम्ही तिथे बसलेलो असतानाच तिच्या ददांचा फोन आला. तिने स्पीकर लावला, कारण कानाशी धरायची तिची इच्छा नव्हती.

"बेटी, पेपर मा सर के फोटो छपे हे. मैं मटका मा मुरुम भर डारेंव. लाल पंप के पानी ओमा डारथन, छान के पियथन. परोसी मन घलो भरिन हें."

मडक्यात मुरूम भरला होता. लाल पंपाचं पाणी त्यातून गाळून पीत होते. शेजाऱ्यांनीही भरला होता. आजवर आजी-नातवंडांसाठी तरी जे पाणी लांबच्या पंपावरून आणत होते, तेही आणायचं आता बंद केलं, असं ददा पुढे म्हणाले. टिकेश्वरी म्हणाली, "ददा, झन पी." पिऊ नको. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "तोर सर कहे हे, बेटी." तुझ्या सरांनीच सांगितलंय.

मी ऑफिसला गेले. भूलसुधार, म्हणजे छापलेल्या चुकीची दुरुस्ती, लिहून संपादकांपुढे ठेवला. त्यांनी तो छापला. आतल्या पानावर, खाली, दोन ओळी, निविदांच्या शेजारी. त्यात तुझं नाव नव्हतं. 'एका वृत्तात अनवधानाने' अशी सुरुवात होती. विभागप्रमुखांनी फोन करून सांगितलं की गेलेल्या माणसाला चुकीचं ठरवणं शोभत नाही. मी म्हटलं, जुळलं नाही, सर. ते म्हणाले, लोकांच्या भावनांचा विचार करा. दोघंही खोटं बोलत नव्हतो.

तुला ते आठवेल. आठवत असेल तर. तुझ्या-माझ्यात हा एकच वाद खरा होता, बाकी सगळी चेष्टा. रविवारी तू बूढ़ापाऱ्यात यायचास, ओट्याला टेकून चहा प्यायचास आणि पेपरातला भूलसुधार शोधायचास.

"चूक कुठं छापली होती?"

"पहिल्या पानावर."

"अन् हे?"

"सातव्या."

"म्हणजे चुकताना ढोल, अन् कबूल करताना कानात."

"पेपर आहे रे, तुझा फळा नाही. जागा लागते."

"चुकायले होती ना जागा?"

"दोन ओळीत सांगून होते. भूलसुधाराले इतकी जागा लागत नाही."

"लागते, ताई. तेवढ्याच मोठ्या टायपात पाहिजे. फोटो होता तर फोटो पण."

"नाही लागत."

"लागते म्हटलं ना."

तुझ्या घरात बायको नाही, म्हणून भांडायला मीच एकटी आहे, असं तू म्हणायचास आणि दुसरा कप मागायचास. वाद कधी संपला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच.

टिकेश्वरी बसने गावी गेली. गल्लीत आता फक्त तिच्या घरीच नाही, बऱ्याच ओसऱ्यांवर मडकी होती. तिने स्वतःच्या घरचं मडकं पालथं केलं तेव्हा ददांनी तिला अडवलं नाही. शेजारच्या अंगणात मात्र एका म्हाताऱ्याने तिचा हात धरला. आत भिंतीवर पेपरातला तुझा फोटो कापून लावला होता. म्हातारा म्हणाला, "मरे मनखे ला लबरा बनाथस? तोला पढ़ाइस तेन ला?" मेलेल्या माणसाला खोटारडा ठरवतेस? ज्याने तुला शिकवलं त्याला? तिने दोन ओळींचा भूलसुधार काढून दाखवला. म्हाताऱ्याने तो उन्हाकडे धरून बघितला आणि विचारलं, यात सर कुठे आहेत?

परत आल्यावर तिने मला एवढंच सांगितलं की ती लबरी नाही, आणि तूही नाहीस, आणि हे दोन्ही एकदम कसं सांगायचं ते तिला येत नाही.

मला एक गोष्ट विचारायची होती तुला. ती चार्जची ओळ तू रोज दहा जणांना ओरडून सांगायचास, आणि तुझीच सुटली. तू फोनवर धापा टाकत होतास. तुला तेव्हाच काही होत होतं का? छातीत? तू कोणाला बोलला नाहीस का? जिना हे खरं होतं का? मी हे रोज स्वतःला विचारते. जे दोन ठिकाणांहून पक्कं होत नाही ते मी छापत नाही, आणि हे एका ठिकाणाहूनही होणार नाही. चांगले असतानाही लोक ओळी विसरतात. म्हणून याचं उत्तर इथे नाही.

मराठी मंडळाच्या अंकासाठी मला तुझ्यावर लिहायला सांगितलं. भावाच्या आठवणी लिहा म्हणाले, दोन पानं देतो, फोटो देतो. मी तोच फोटो दिला आहे, पेपरात आलेला, त्याच मापाचा. खालचा मजकूर टिकेश्वरीने छत्तीसगढीत केला आहे. तो आणि तुझा फोटो घेऊन ती परवा पुन्हा गावी जाते, लाल पंपाजवळच्या भिंतीवर लावायला. या वेळी मी बरोबर जाते आहे. म्हाताऱ्याने विचारलं तर, ज्याने आकडा सांगितला त्याची बहीण मी, आणि आकडा माझ्याकडे ठेवायला दिला होता, असं सांगेन. माझं चुकलं, असं तुझ्यावतीने मी तिथे उभी राहून म्हणणार आहे. नियमात हे बसत नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

मजकूर हा:

फोटोतले सर खोटं बोलले नाहीत. त्यांचा हिसाब चुकला. त्यांनी तो तपासायला टिकेश्वरी साहू हिच्याकडे दिला होता, आणि चूक तिने शोधली. तिचा हिसाब सांगतो की मुरुमाची पकड सर समजत होते त्याहून बरीच सैल आहे. पण तोही हिसाबच आहे. मुरुमातून गाळलेलं पाणी अजून कोणीही तपासलेलं नाही. ते प्यायला चांगलं आहे असं कोणी दाखवलेलं नाही, सरांनीही नाही. लाल पंपाचं पाणी पिऊ नका. मडकी रिकामी करा.

मी हे आधी दोन ओळीत बसवून पाहिलं, मिलिंद. डेस्कवर बसून, सवयीने, शब्द काढत काढत. बसलं होतं. मग पुन्हा सगळं भरलं.

लागते जागा.